पाकळीचा ल

शामराव कुरणे गेल्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी, कळंब्याच्या आपल्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर. कोल्हापूरच्या एका दैनिकात ते मुख्य उपसंपादक होते. अखेरची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. मागे पत्नी मालती आहेत.

बातमी या क्रमानं लिहायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. निधनाची बातमी त्यांच्या टेबलावरून गेली की तिच्यातलं 'दुःखद' उडालेलं असायचं. "सुखद निधन कुठं बघितलंयस?" असं ते नव्या उपसंपादकाला विचारत. 'अल्पशा आजाराने' हेही त्यांना चालत नसे. "आजार अल्प हुता तर माणूस गेला कशानं?" पहिल्या वाक्यात माणूस मेला पाहिजे, शेवटच्या वाक्यात खात्री केलेली गोष्ट पाहिजे आणि तिथं थांबायचं. हळहळ वाचकाची. ती आपण करून द्यायची नाही.

डेस्कवर सगळे त्यांना तात्या म्हणत. उंच, पांढरा नेहरू शर्ट, आवाज जिन्यातून ऐकू येणारा. शर्टाच्या खिशात प्रूफ बघायचं भिंग. फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत, 'डेस्क' म्हणत. निवृत्तीनंतर घरचा फोनही ते तसाच उचलत. गॅसवाल्याचा फोन असला तरी पलीकडं 'डेस्क' ऐकू यायचं.

मथळा ही त्यांची मिरवायची गोष्ट होती. बातमी कुणीही लिहावी, मथळा तात्यांचा. ज्या मथळ्यात क्रियापद नाही त्याला ते 'दुकानाची पाटी' म्हणत. आमच्यापैकी एखाद्यानं केलेला मथळा त्यांनी न बदलता खाली छापायला पाठवला, तर तो उपसंपादक त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा.

ते निवृत्त व्हायच्या थोडं आधी कार्यालयात एक संगणकवाला पुण्याहून आला. टायपिंगची नवी पद्धत दाखवायची होती. युनिकोड हा शब्द आमच्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यानं पडद्यावर 'कोल्हापूर' टाइप केलं. मजकूर कुठल्याही संगणकावर उघडेल, शोधता येईल, आणखी पुष्कळ काही करता येईल, असं तो सांगत होता. कुरण्यांनी खिशातलं भिंग काढून पडद्याला लावलं.

"पावणं, हा ल कुठला?"

"मराठीच आहे, सर."

"न्हाय. हा काठीचा ल हाय. हिंदीतला. आमचा ल पाकळीचा असतोय."

मराठी वळणाच्या ल ला देठाच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या असतात. हिंदी वळणाच्या ल ला उजव्या हाताला उभी काठी असते. वाचताना काही फरक पडत नाही, असं पाहुणा म्हणाला.

"वाचताना न्हाय, बघताना पडतोय. लोक पेपर आधी बघत्यात, मग वाचत्यात. काठीचा ल घिऊन उद्या बाजारात गेलो तर इंदूरचा पेपर वाटंल की."

डेस्क हसलं. मालकांनी निर्णय पुढं ढकलला. जुना फॉन्ट राहिला आणि कुरणे निवृत्त झाल्यावर गेला.

त्या फॉन्टची एक गोष्ट तेव्हा आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हती. त्यात टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतो. आत रोमन अक्षरं आणि गणिताची वगैरे चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे कधी कळायचं कारण नाही.

निवृत्त होताना कुरण्यांनी कार्यालयातल्या ऑपरेटरकडून तोच फॉन्ट घरच्या लॅपटॉपवर घालून घेतला आणि पुस्तक लिहायला बसले. विषय पाणी. कोल्हापूर आणि आसपासचे तलाव, विहिरी, पाट, त्यांवर कोण पाणी भरत होतं, कुठली विहीर कधी बुजवली. पुढची कित्येक वर्षं ते स्कूटरवरून हिंडत राहिले. मागच्या सीटवर मालतीकाकू, काकूंच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. कळंबा तलावाचं प्रकरण त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. घरापासून चालत जाता येतं, त्याला घाई नाही, असं ते म्हणत.

ते प्रकरण लिहायच्या आधी दृष्टी गेली. मधुमेहानं डोळ्यांचे पडदे बिघडले होते. ते अक्षरांचा आकार वाढवत गेले. आधी पडद्यावर एक ओळ मावायची, मग एक शब्द. काकू सांगतात, एका दुपारी लॅपटॉपवर फक्त एक अक्षर उरलं होतं, ताटाएवढं. तात्या बराच वेळ त्याच्यासमोर बसले होते. मग त्यांनी झाकण लावलं आणि चहा मागितला.

मागचं वाचल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, अशी त्यांची अडचण होती. काय लिहून झालंय, कुठं दोनदा आलंय, हे शेवटच्या प्रकरणाआधी त्यांना बघायचं होतं. वाचून दाखवायला काकू होत्या, मी होतो. ते त्यांना नको होतं. मी एकदा एक प्रकरण वाचायला घेतलं. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी हात वर केला.

"थांब. आत्ता 'आणि' म्हणालास. मी तिथं 'आणि' लिवलेलं न्हाय."

मी पाहिलं. नव्हतं.

"माणूस वाचताना दुरुस्त करत जातोय. मला माझ्या चुका पायजेत, तुझी दुरुस्ती न्हाय."

पुस्तक तसंच पडून राहिलं. तात्यांचे कपडे दस्तगीर मुजावर शिवत. एकदा माप घ्यायला घरी आले असताना ते म्हणाले, "तात्या, आमची शाहीन कॉम्प्युटर कानानं वाचती. पाठवू काय तिला?"

शाहीन मुजावर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. जन्मापासून त्यांना दिसत नाही. लहानपणी वडिलांच्या दुकानात बसून त्यांनी तात्यांचा आवाज ऐकलेला होता आणि त्याचं दडपण घेण्याचं त्यांना काही कारण वाटलेलं नव्हतं. त्या आल्या, लॅपटॉपवर स्क्रीन रीडर घातला. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. पहिला शब्द 'कोल्हापूर' होता. संगणक म्हणाला: ई, ओ ग्रेव्ह, ई अक्यूट, ए, प्लस ऑर मायनस, वन हाफ.

काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. त्यांना वाटलं, बँकेचा फोन आहे.

"जुना फॉन्ट," शाहीन म्हणाल्या. "तात्या, हे वरनं मराठी आहे. आत चिन्हं आहेत नुसती."

"म्हंजे मी इतकी वर्षं काय लिवलं?"

"दिसणाऱ्यांसाठी पुस्तक. आपल्या दोघांसाठी हे."

तात्यांनी विचारलं, यातला ल कुठला. शाहीन एकेक चिन्ह ऐकत मागं-पुढं गेल्या. "प्लस ऑर मायनस."

"अधिक-उणे?"

"हां. तो तुमचा ल."

 तात्या म्हणाले, "हे त्या पुण्याच्या पावण्यानं तवाच सांगायला पायजे हुतं."

"सांगतच हुता की," काकू म्हणाल्या. "तुम्ही भिंग लावून बसलेला. तुम्हीच हसत सांगितलंय मला, कितींदा."

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्रॅम आहेत. शाहीन यांनी सगळी प्रकरणं त्यातून काढली. जोडाक्षरं ठिकठिकाणी फुटली. तात्या ऐकत बसत, चूक आली की थांबवून स्वतः दुरुस्त करत. कीबोर्डवर अक्षरांच्या जागा त्याच होत्या, बोटांना नवं शिकायचं नव्हतं. हे काम पुष्कळ महिने चाललं. पण सुरुवातीलाच एक खटका उडाला. संगणक मजकूर वाचत होता, पण कळंब्याला 'कलंबा' म्हणत होता.

"बघ! हिंदी निघाला का न्हाय? मी म्हणत हुतो तवा सगळी हसला!"

"तात्या, ओरडू नका, मला ऐकू येतंय. फाइलवर भाषा हिंदी लागलीय. मराठी लावायची. सगळा मजकूर निवडा आणि भाषा मराठी करा."

त्यांनी केली. संगणक 'कळंबा' म्हणाला. तात्यांनी ते त्याच्याकडून आणखी काही वेळा म्हणवून घेतलं.

खरं भांडण मथळ्यावरून झालं. मी त्या दिवशी तिथं होतो. शाहीन पुस्तक ऐकून आल्या होत्या. तात्यांनी मत विचारलं.

"पुस्तक चांगलं असेल, तात्या. पण त्यात एकपण मथळा नाही."

कुरण्यांच्या पुस्तकात मथळा नाही, असं त्यांच्या तोंडावर कुणी म्हणेल, हे डेस्कवर कुणाला खरं वाटलं नसतं. तात्या खुर्चीत सरळ झाले. "प्रत्येक प्रकरणाला मथळा हाय. ठळक केलाय. चांगला मोठा केलाय."

"मोठा केला म्हणून मथळा होत नाही. मला मोठं दिसतंय का? तुम्हाला तरी दिसतंय का? वर्डमध्ये हेडिंग म्हणून नेमावं लागतं. नेमलं की एक बटण दाबून मी या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उडी मारते. तुमच्या पुस्तकात मला विहिरीपर्यंत जायचं असलं तर सगळा तलाव पोहत जायला लागतंय."

"ए मॅडम, मी जन्मभर मथळे दिलेत."

"दिले असतील. मला एकपण ऐकू आला नाही."

 दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "डेस्क. वर्डमधी ते हेडिंग कुठं असतंय?" मी सांगितलं. आठवडाभरात त्यांनी सगळे मथळे नेमले, पोटमथळे त्याखालच्या पायरीला लावले. काही मथळे बदललेसुद्धा, एकामागून एक ऐकल्यावर त्यातल्या दोन मथळ्यांत क्रियापद नाही असं त्यांच्या लक्षात आलं. पुढं हा विचार त्यांचाच झाला. भेटेल त्याला ते सांगत, "इस्त्रीची कापडं घातली म्हणून कोण साहेब हुतंय काय? ऑर्डर निघावी लागती. मथळ्याचं तसंच हाय. नुसता फुगवू नका, नेमा."

ज्यांना हे सांगितलं जाई, त्यांतल्या बहुतेकांचा विषयाशी संबंध नसे. कॉलनीच्या सेक्रेटरींनी एकदा व्हॉट्सॲपवर पाण्याच्या बदललेल्या वेळेची नोटीस टाकली. म्हणजे नोटिशीचा फोटो टाकला. तात्यांचा मोबाइल एवढंच म्हणाला: 'फोटो'. त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला, मोबाइल स्पीकरवर होता.

"फोटो कशाचा टाकलाय?"

"नोटिशीचा, तात्या."

"नोटीस हाय तर नोटीसच टाका की. तिचा फोटो कशाला? स्थळं बघायची हाईत व्हय तिला?"

"कागदावर सही-शिक्का असतो, तात्या, म्हणून…"

"सही-शिक्का ठेवा तुमच्याजवळ. पाणी कवा येणार, ते टाइप करा. पाण्यावर पुस्तक लिवणाऱ्याला तेवढंच ठाऊक न्हाय."

सेक्रेटरींनी टाइप केलं. पुढच्या नोटिशीला पुन्हा फोटो आला, तात्यांनी पुन्हा फोन केला. हे दोन-तीन वर्षं चालू होतं. बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी सेक्रेटरींनी फोटोच्या खाली मजकूरही टाकायला सुरुवात केली.

पुस्तकात तात्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रं होती. शाहीन यांनी सांगितलं, प्रत्येक चित्राला वर्णन लागेल. चित्रावर जाऊन एक चौकट उघडायची आणि तिथं लिहायचं. ते पानावर दिसत नाही, छापून येत नाही, ऐकणाऱ्यालाच ऐकू येतं. तात्यांनी वर्णनं आठवणीतून लिहिली. ती चित्राशी ताडून बघायचं काम माझ्याकडं आलं. फारशा चुका नव्हत्या. एके ठिकाणी त्यांनी पिंपळ लिहिला होता, चित्रात चिंच होती. ते मान्य करायला त्यांनी अख्खी संध्याकाळ घेतली.

बिद्रीच्या वाटेवरच्या एका जुन्या विहिरीचं छायाचित्र होतं. त्याचं वर्णन त्यांनी असं केलं होतं: 'दगडी विहीर, वरून. डावीकडे मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं. उजवीकडे काठावर प्रमाणासाठी व्यक्ती.' विहीर केवढी ते कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करतात, त्या अर्थानं.

शाहीन यांनी संगणक थांबवला. "प्रमाणासाठी व्यक्ती म्हणजे कोण?"

"हाय कोणतरी. विहिरीचा अंदाज यायला."

"बाप्या की बाई?"

मी चित्र पाहिलं. काठावर मालतीकाकू उभ्या होत्या. हातात कॅमेऱ्याची रिकामी पिशवी, तोंडावर ऊन. मी तसं सांगितलं.

"मी हाय ती," काकू दारातून म्हणाल्या. "हे म्हणाले, बाजूला हो, विहीर झाकती. मी म्हटलं, झाकू दे. झाले न्हाय बाजूला."

"तात्या, छायाचित्रात माणूस असला तर खाली त्याचं नाव पाहिजे, हा तुमचाच नियम ना?" मी विचारलं. डेस्कवर 'मान्यवर' लिहिणाऱ्याला ते फोटो परत देत असत.

"तो पेपरचा. हे पाण्याचं पुस्तक हाय, लग्नाचा आल्बम न्हाय." विषय त्यांनी संपवला. वर्णन तसंच राहिलं. काकू आत गेल्या.

एका प्रकाशकानं पुस्तकात रस दाखवला होता. त्याच्या माणसानं फोनवर सांगितलं, आमच्याकडं पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात, आम्ही फाइल तिकडं नेऊ. "परत अधिक-उणे?" तात्यांनी विचारलं. त्यांची अट होती, छापील पुस्तक निघेल त्याच दिवशी मथळे आणि चित्रवर्णनं असलेली फाइलही निघाली पाहिजे. विचार करून कळवतो, असं उत्तर आलं. त्यानंतर काही कळवण्यात आलेलं नाही.

तोवर मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली होती. डायलिसिसच्या दिवशी ते काही लिहीत नसत, मधल्या दिवशी कळंब्याचं प्रकरण चालायचं. मी शेवटचा भेटलो तो डिसेंबरात, दुपारी. ते पलंगावर बसले होते, लॅपटॉप मांडीवर. आवाज बारीक झाला होता. प्रकरण संपलं होतं. मागचं सगळं एकदा सलग ऐकून झालं होतं.

"ल बघ," ते म्हणाले.

"काय?"

"शाहीननं फॉन्ट बदललाय. तिला दिसत न्हाय, मला दिसत न्हाय. ल कसला हाय, तू बघ."

मी पडद्यावरचा मजकूर मोठा करून पाहिला. "पाकळीचा."

"सगळीकडं?"

मी पानं खाली ओढत गेलो. मथळे, मजकूर, तळटिपा. सगळीकडं पाकळीचा होता. मग एका चित्रावर जाऊन वर्णनाची चौकट उघडली. तिथं फॉन्ट आपल्याला निवडता येत नाही, संगणकाचा असतो तोच लागतो. त्यात ल काठीचा होता. मी ते सांगितलं.

तात्यांनी पडद्याकडं तोंड वळवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ते बघायचं नसतंय."

नंतर त्यांनी झोपायचं आहे म्हणून सांगितलं. मी निघालो तेव्हा फोन वाजला आणि आतून 'डेस्क' ऐकू आलं.

दिवसकार्य झाल्यानंतर शाहीन लॅपटॉप बघायला आल्या. फाइल कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर ठेवायची, हे तात्यांशी आधीच ठरलेलं होतं. त्यांनी ती शेवटची एकदा तपासायला घेतली. काकू शेजारी बसल्या होत्या, मी होतो. शाहीन मथळ्यावरून मथळ्यावर गेल्या, मग चित्रावरून चित्रावर. बिद्रीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी संगणक म्हणाला: 'दगडी विहीर, वरून. डावीकडे दगडी थारोळं. उजवीकडे काठावर मालती कुरणे, हातात पिशवी. बाजूला हो म्हटलं होतं. झाली नाही.'

काकू म्हणाल्या, "परत लाव."

शाहीन यांनी परत लावलं.

हा बदल शाहीन यांनी केलेला नाही, मीही केलेला नाही. काकूंना लॅपटॉप चालवता येत नाही. फाइल आता ग्रंथालयातल्या संगणकावर आहे. पुस्तक छापलेलं नाही. त्या चित्राची चौकट उघडून मी पाहिली. 'मालती'तला ल काठीचा आहे.